गुरुवारी सकाळी १० वाजता भोसरीत कोण असतं?

ताई, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनिंगची यंत्रं), एक सरफेस ग्राइंडर आणि माझ्यासकट नऊ माणसं. मशीनिंगची आणि वेल्डिंगची फिक्श्चर्स, म्हणजे काम चालू असताना पार्ट जागेवर घट्ट धरणारी साधनं, बनवतो. आजवर कामं ओळखीवर आली, पण ओळखीचे परचेसवाले एकेक करून रिटायर होतायत. म्हणून मुलीच्या आग्रहाने लिंक्डइनवर आलो. ती एमबीए करते. तिने इंटरनेटवरून तक्ता काढून दिला: मंगळवार, बुधवार, गुरुवार, सकाळी १० वाजता पोस्ट टाकायची. चार महिने तिन्ही वार नेमाने पाळले. लाइक ११ ते १५, त्यातले निम्मे घरचे. आमचे साडू प्रत्येक पोस्टखाली 'अभिनंदन साहेब' लिहितात. एकदाच चाकणच्या एका कंपनीतल्या माणसाने विचारलं होतं, 'हायड्रॉलिक क्लॅम्पिंगचं काम करता का?' मी दिवसभर मशीनवर होतो, रात्री ११ वाजता उत्तर दिलं. पुढे काही नाही. जर्मनीतले दोघे जणही जोडले गेलेत, त्यांचं घड्याळ आणखी वेगळं. नेमकी कोणती वेळ धरू? की हे आपल्यासारख्यांचं कामच नाही?
टूलरूमवाला, भोसरी

नमस्कार.

तुमच्या पत्रात मी 'गुरुवार' या शब्दाशीच अडकले. अहो, भोसरीत शॉप असलेला माणूस गुरुवारी सकाळी १० वाजता धंद्याची पोस्ट टाकतो? गुरुवार म्हणजे आपला रविवार. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे सुट्टीचे वार लावून दिले, त्यात पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. नाशिकला सातपूर-अंबडला शनिवार. त्या दिवशी तुमचं शटर खाली, शेजारच्या प्लेटिंगवाल्याचं खाली, तुमची गिऱ्हाइकं असलेल्या कितीतरी कंपन्यांची गेटं बंद. ज्याने तुमची पोस्ट वाचावी अशी तुमची इच्छा आहे, तो माणूस तेव्हा मंडईत पिशवी धरून उभा असतो, नाहीतर गाडी धूत असतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण तक्ता हातात आला की माणूस स्वतःचं शहाणपण खुंटीला टांगतो, त्याला तुम्ही काय करणार.

मुलीला मात्र बोलू नका. तिने दिलेला तक्ता खोटा नाही, तो दुसऱ्यांचा आहे. बफर, हूटसूट, स्प्राउट सोशल अशा कंपन्या पोस्ट आधी लिहून ठरल्या वेळी टाकायचं सॉफ्टवेअर विकतात. आपल्या ग्राहकांनी टाकलेल्या पोस्ट चाळून त्या दर वर्षी-दोन वर्षांनी 'उत्तम वेळ' जाहीर करतात. तिघींची उत्तरं एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, पण आठवड्याच्या मधल्या भागावर साधारण एकमत दिसतं. ते ज्या जगातून काढलंय तिथे बहुतेक माणूस टेबलाशी बसतो, शनिवार-रविवार सुट्टी घेतो आणि सकाळी कॉफी पिता पिता फीड उघडतो. शिवाय ती सरासरी आहे. सरासरी शर्ट शिवला तर तो कुणाला बसेल?

आता तुमच्या गिऱ्हाइकाचा दिवस बघू. मी २२ वर्षं परचेसमध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा चाकणला, वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

सकाळी सात-सव्वासातला कंपनीची बस. पहिली दहा मिनिटं झोप, मग सगळ्यांचे फोन बाहेर. मोशी सोडून बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली की पुढची वीस मिनिटं कुणाचीच नसतात. माझं सगळं लिंक्डइन तिथे वाचून व्हायचं. साडेआठला पंच. नऊला मॉर्निंग मीटिंग: काल कुठला पार्ट आला नाही, लाइन कुणामुळे थांबली, व्हेंडर काय म्हणतो. त्या मीटिंगमध्ये परचेसवाल्याची अवस्था ओट्यावरच्या कणकेसारखी असते, जो येतो तो एक ठोसा देऊन जातो. ती संपेपर्यंत साडेदहा. म्हणजे तुमचे मंगळवार-बुधवारचे १० सुद्धा असे, की माझ्यासारखी बाई तेव्हा फोन पालथा ठेवून शिव्या खात बसलेली असायची. दुपारी कॅन्टीनमध्ये अर्धा तास, तोही व्हॉट्सअॅप आणि क्रिकेटचा. संध्याकाळच्या बसमध्ये डोळे मिटलेले, नाहीतर रील्स. रात्री साडेनऊनंतर काही जण पुन्हा डोकावतात, पण तेव्हा कामाचं डोकं बंद झालेलं असतं.

यात आणखी एक गोष्ट. तुम्ही परचेस, परचेस म्हणताय, पण फिक्श्चर कुणाकडून घ्यायचं हे खरं म्हणजे परचेस ठरवत नाही. आम्ही भाव पाडायचो. कुणाला बोलवायचं हे मेथड्समधला (पार्ट कसा बनवायचा ते आखणारा विभाग) किंवा टूल इंजिनिअरिंगमधला माणूस ठरवायचा. 'मॅडम, याला आरएफक्यू पाठवा', म्हणजे याच्याकडून भाव मागवा, अशी चिठ्ठी त्याच्याकडून यायची. तो माणूस दिवसभर शॉप फ्लोअरवर असतो, चार-साडेचारला टेबलाशी येतो, पण सकाळी त्याच बसमध्ये असतो.

म्हणून माझं उत्तर: मंगळवार आणि शनिवार, सकाळी सात ते सव्वासात. तीन पोस्ट नकोत, दोन पुरेत. शनिवार का? आपल्याकडे कारखान्यांना शनिवारी बहुधा काम असतं, आणि हिंजवडीकडची आयटीची मंडळी मात्र सुट्टीवर असतात. त्यामुळे त्यांची 'आज मी आयुष्यात काय शिकलो' छापाची वर्दळ जरा कमी. शुक्रवार मी टाळीन, कारण गुरुवारच्या सुट्टीनंतरचा शुक्रवार म्हणजे आपला सोमवार, मेलचा ढीग उपसण्यातच जातो. चाकणला सगळ्या कंपन्यांची सुट्टी एकाच वारी नसते, तेव्हा तुमच्या मोठ्या चार-पाच गिऱ्हाइकांकडे कुठला वार आहे ते एकदा विचारून घ्या आणि हा हिशेब त्यावर घासून बघा.

पण सात वाजता म्हणण्याचं यापेक्षा मोठं कारण तुमच्याच पत्रात आहे. त्या चाकणच्या माणसाने विचारलं, तुम्ही रात्री ११ ला उत्तर दिलंत. चार महिन्यांत लिंक्डइनने तुम्हाला एक खरं गिऱ्हाईक दारात आणून उभं केलं, आणि तुम्ही दार बारा-तेरा तासांनी उघडलंत. तो हायड्रॉलिक क्लॅम्पिंगबद्दल सहज विचारत नव्हता. असं विचारणाऱ्याच्या टेबलावर ड्रॉइंग असतं, आणि त्याने तोच प्रश्न आणखी तिघांना केलेला असतो. ज्याचं उत्तर आधी येतं त्याच्याशी बोलणं सुरू होतं, हे मी स्वतः केलंय. सगळ्यात चांगल्या व्हेंडरला फोन लावायला मी थांबले नाही, जो उचलेल त्याला लावला.

तुम्ही मशीनवर असता, तिथे फोन बघूही नये. बोट जायचं. म्हणूनच तुमची चांगली वेळ ती, जिच्यानंतर तासभर तुम्ही मोकळे असता. शॉप साडेआठला उघडत असेल तर सातला घरी चहा घेत बसलेले असाल. पोस्ट जाऊ द्या, आठपर्यंत फोन जवळ ठेवा, कुणी काही विचारलं तर तिथेच दोन ओळी लिहा आणि नंबर द्या. मग दुपारी एकला डबा उघडायच्या आधी एकदा बघा. एवढं जमत नसेल तर कमेंटला उत्तर देण्याचं काम मुलीकडे सोपवा. तक्ता काढण्यापेक्षा त्या कामात ती जास्त शिकेल.

पोस्ट लिहायची कधी? गुरुवारी! सुट्टी आहे, डोकं शांत आहे. लिंक्डइनवर पोस्ट लिहायच्या खिडकीत घड्याळाचं छोटं चिन्ह असतं, त्यावर दाबून वार आणि वेळ लावून ठेवता येते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि तीन महिन्यांपुढपर्यंतची वेळ लावता येते. तीन महिन्यांचं मात्र एकदम लावून मोकळे होऊ नका. माझ्या एका जुन्या व्हेंडरने तसं केलं होतं. शॉपमध्ये अपघात होऊन एक पोरगा दवाखान्यात, आणि त्याच सकाळी यांच्या नावावर 'सेफ्टी फर्स्ट' झळकलं. मालकाच्या ते लक्षातही नव्हतं. आठवड्याच्या दोन लावा, सोमवारी रात्री आणि शुक्रवारी रात्री एक नजर टाका. वेळ लावली म्हणून सकाळी सातला फोन न बघता झोपून राहिलात, तर मात्र वरचा सगळा परिच्छेद फुकट.

वेळेचं माहात्म्य मी इतकं लावलंय खरं, तर थोडं कमीही करते. लिंक्डइनची फीड घड्याळाच्या क्रमाने लागत नाही. ताजं आधी असं हवं असेल तर ते सेटिंग मुद्दाम बदलावं लागतं, आणि ते बदलणारे थोडे. म्हणून दोन-तीन दिवसांपूर्वीची पोस्टही तुम्हाला वर दिसते. माणूस पोस्टपाशी किती वेळ थांबला हेसुद्धा ते मोजतात, हे त्यांच्याच इंजिनिअर मंडळींनी २०२० मध्ये लिहून सांगितलंय. मग थांबवायला हाताशी काय असतं? बाकीचा मजकूर झाकला जायच्या आधी दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळी. तुमची पोस्ट मी पाहिलेली नाही, पण पैज लावते की ती 'वुई आर प्लीज्ड टू शेअर'ने सुरू होते. सगळ्यांची होते. त्याऐवजी कामावरून सुरुवात करा: कास्टिंगचा पार्ट होता, क्लॅम्प केला की वाकायचा, बोअर ओव्हल यायचा, आम्ही सपोर्टची जागा बदलली. एवढं वाचून मेथड्सचा माणूस बसमध्ये झोपायचा थांबेल, कारण तोच ओव्हल बोअर त्याच्याही शॉपमध्ये आहे. मराठीत लिहिलंत तरी चालेल. चाकणला निम्म्या मीटिंगा मराठी-हिंदीतच होतात.

आणि त्या पोस्टचं खरं आयुष्य सकाळी सातला संपत नाही. एका रविवारी दुपारी आमच्या लाइनवरचं एक जुनं फिक्श्चर तडकलं. बनवणाऱ्याने धंदा कधीच बंद केलेला. मी घरी, पोळ्या लाटत होते. प्लँट हेडचा फोन. मी एका हाताने लिंक्डइनवर शोधायला लागले आणि मला पाच महिन्यांपूर्वीची एक पोस्ट सापडली. सहा लाइक होते तिला. फोटोत क्लॅम्पची बांधणी स्वच्छ दिसत होती, खाली दोन ओळीत काय अडलं आणि काय केलं ते लिहिलेलं, आणि नंबर. त्या माणसाला मी पीठ लागलेल्या हाताने फोन लावला, सोमवारी त्याची माणसं आमच्या शॉपवर होती. त्याने ती पोस्ट कुठल्या वारी, किती वाजता टाकली होती, हे मी बघितलंही नाही. सहा लाइकवाल्या पोस्टने त्याला पुढची चार वर्षं काम दिलं. तेव्हा ११ ते १५ लाइकचं मनाला लावून घेऊ नका. अडलेला माणूस स्क्रोल करत नाही, शोधतो. त्याच्या शोधात यायचं तर 'हायड्रॉलिक फिक्श्चर', 'वेल्डिंग फिक्श्चर', 'भोसरी' हे शब्द पोस्टमध्ये आणि तुमच्या प्रोफाइलच्या वरच्या ओळीत साध्या अक्षरांत हवेत. तिथे 'पॅशनेट आंत्रप्रनर' लिहिलं असेल तर आजच खोडा.

साडूंचं काय करायचं हा नाजूक प्रश्न आहे. त्यांचं प्रेम खरं आहे, पण त्यांच्या लाइकने पोस्ट फिरली तर त्यांच्या ओळखीत फिरते, आणि ते एलआयसीत असतील (साडू बहुधा असतातच) तर तिथे फिक्श्चर कुणाला हवंय? त्यांना थांबवू नका, तुमची यादी बदला. दर गुरुवारी पाच माणसं जोडा: तुमच्या गिऱ्हाइकांकडचे टूल इंजिनिअर, मेथड्सवाले, मेंटेनन्सचे, शिवाय ज्यांचे साहेब रिटायर झालेत ती त्यांच्या जागी आलेली तरुण मुलं. ते रिटायर झालेले साहेबही जोडा. त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो आणि 'हा आमचा जुना भरवशाचा माणूस' असं त्यांनी खाली लिहिलं, तर ती ओळ तुमच्या दहा पोस्टना भारी आहे.

मग एक वही घाला. इन्स्टाग्रामसारखं 'तुमची माणसं किती वाजता जागी असतात' हे लिंक्डइन सांगत नाही. पण पोस्ट किती जणांपुढे गेली, त्यांचं पद काय, कुठल्या कंपनीतले, कुठल्या गावचे, हे ढोबळ सांगतं. दोन दिवसांनी उघडून बघा आणि वहीत एवढंच लिहा: वार, वेळ, कामाच्या माणसांचा अंदाज, विचारणा किती. चार आठवडे सकाळी सात, मग चार आठवडे दुपारी एक. ३०० ऐवजी ३४० जणांनी पाहिलं म्हणून वेळ सापडली असं समजू नका, एवढा फरक पावसानेही पडतो. विचारणा एकाऐवजी तीन आल्या तर मात्र ती वेळ धरा, मग माझं म्हणणं चुकलं तरी चालेल.

वार आणि तासांपेक्षा मला महिन्यांचं जास्त महत्त्व वाटतं. महिन्याचे शेवटचे तीन दिवस डिस्पॅच आणि बिलांचे, तेव्हा कुणी नवं काही वाचत नाही. मार्चचा शेवटचा पंधरवडा सोडूनच द्या. एप्रिलमध्ये नवी बजेटं हातात असतात, तेव्हा चांगलं काम दाखवा. जानेवारीत बंगळुरूला इमटेक्स हे मशीन टूल्सचं मोठं प्रदर्शन भरतं, त्या आठवड्यात सगळी फीड स्टॉलच्या आणि गळ्यात पट्टे घातलेल्या लोकांच्या फोटोंनी भरते. तुम्ही जाणार असाल तर पोस्ट आदल्या आठवड्यात टाका, कुठे भेटाल ते लिहा. खंडेनवमीला मशीनला हार घातलेला फोटो सगळेच टाकतात, तुम्हीही टाका. त्याने इन्क्वायरी येत नाही, पण आपल्या माणसांनी मशीन पुजलेलं बघायला मलाही आवडतं.

एक वेळ मात्र अशी आहे जी चुकली तर फार महाग पडते. गिऱ्हाइकाच्या पार्टचा फोटो. नव्या गाडीचा भाग असेल, गाडी बाजारात यायची असेल, आणि तुम्ही फिक्श्चरवर तो बसवलेला फोटो टाकलात, तर गुप्ततेच्या करारावरची तुमची सही काढून दाखवतील आणि व्हेंडर लिस्टमधून नाव जाईल. फोटो पार्टशिवाय काढा, मागे ड्रॉइंग किंवा राउट कार्ड दिसत नाही ना ते बघा, आणि ज्याचं काम आहे त्याला व्हॉट्सअॅपवर विचारून लेखी 'चालेल' घ्या. पीपीएपी (नव्या पार्टला गिऱ्हाइकाची उत्पादनाआधीची मंजुरी) मिळायच्या आधी तर विचारूही नका, त्या दिवसांत तो माणूस असाच टेकीला आलेला असतो.

जर्मनीचं थोडक्यात. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड, कारण त्यांचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. पण दोघांसाठी वेगळी पोस्ट कशाला? महिन्याकाठी एक इंग्रजीत लिहा, मंगळवारी दुपारी टाका, आणि त्या दोघांना नावाने मेसेज करून दाखवा. स्टुटगार्टच्या बाजूचे असतील तर ऑगस्टमध्ये वाट बघू नका, शाळांच्या सुट्ट्या जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत असतात. नाताळ ते ६ जानेवारी हाही काळ सोडा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हे आपल्यासारख्यांचं काम आहे का. त्या चाकणच्या माणसाची कमेंट अजून तिथेच असेल. त्यावर पुन्हा लिहू नका, थेट मेसेज करा: 'त्या वेळी उत्तराला उशीर झाला. हायड्रॉलिक क्लॅम्पिंगचं अमुक काम आम्ही केलंय, फोटो जोडतोय. तुमचं काम झालं असेल तर पुढच्या वेळी आठवण ठेवा.' खाली नंबर. हे वाचाल त्या दिवशीच करा. गुरुवार असेल तर लिहून ठेवा आणि शनिवारी सकाळी सातला पाठवा.